सड्याखालचे पाणी

राजापूर शहर सोडून समुद्राकडे निघालेला रस्ता एक मोठा चढ चढतो आणि झाडी एकाएकी संपते. समोर तांबूस-काळ्या कातळाचा सपाट माळ पसरलेला असतो. मे महिन्यात इथला दगड चपलेतूनही पाय भाजतो. करवंदीची एखादी जाळी, वाळलेले गवत आणि दगड नुसते एकावर एक रचून केलेले गडगे, एवढेच नजरेला पडते. याला इथे सडा म्हणतात. कोकणच्या चित्रांत सडा क्वचितच असतो. तिथे माडांच्या रांगा असतात, कौलारू घर असते, समुद्र असतो. पर्यटकाची गाडी सडा ओलांडून खाली उतरते तेव्हा कुठे त्याला कोकणात आल्यासारखे वाटते. सरकारी दप्तरही सड्याला फारसे मोजत नाही. सातबाऱ्यावर त्याचा बराचसा भाग पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत, दाखवलेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका आणि त्याच्या दक्षिणेचा, सिंधुदुर्गातला देवगड तालुका यांचा किनारा हा या प्रकरणाचा विषय आहे. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात होते, आणि भूगोलाच्या दृष्टीने ते आजही एकच आहेत. या मुलुखाचे वर्णन लोक समुद्रापासून सुरू करतात. मी ते सड्यापासून करणार आहे, कारण इथल्या विहिरी, आगरे, घरे, आंबा आणि इतिहास या सगळ्यांचा आधार हा निरुपयोगी ठरवलेला कातळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा दगड तयार झाला. पुढे उष्ण, दमट हवेत आणि धो धो पावसात त्याची झीज होत गेली. विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यांतून सच्छिद्र, तांबडा जांभा बनला. फ्रान्सिस बुकानन या अभ्यासकाने 1807 मध्ये मलबारमधल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव दिले. विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून ते घेतले, कारण तिथले लोक या दगडाच्या विटा कापून घरे बांधत होते. कोकणातही तेच चालते. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, आणि उघड्यावर वारा-ऊन लागले की कठीण होतो. इथली घरे, देवळे, विहिरींची बांधणी, कुंपणे सगळी याच दगडाची.

दगड सच्छिद्र आहे ही बाब पाण्याच्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर असल्याने नद्या आखूड आणि वेगवान आहेत. पडलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते. राजापूरच्या जवाहर चौकात दर पावसाळ्यात पुराचे पाणी शिरते आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, याचे कारण हेच. सड्यावर पडलेल्या पावसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यातला काही भाग वाहून जातो, काही कातळावरच्या उथळ खळग्यांत साचतो आणि काही भेगांतून, छिद्रांतून आत मुरतो. जांभ्याच्या खाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर असतो. त्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही, म्हणून ते आडवे सरकत सड्याच्या कडेला येते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गावे वसली ती याच रेषेवर. सड्याच्या कुशीतली वाडी, तिच्याखाली पोफळीची बाग, तिच्याखाली भाताचे कुणगे आणि मग व्हाळ किंवा खाडी, अशी उतरंड तुम्हाला गावोगाव दिसेल. ज्या वाडीचा झरा एप्रिलनंतरही वाहतो तिथे हिवाळ्यात वायंगणी भाताचे दुसरे पीक येते आणि पोफळी जगतात.

राजापूरची प्रसिद्ध गंगा याच भूजलाची एक नवलाची शाखा म्हणायला हवी. उन्हाळे गावाजवळच्या टेकडीवर चौदा कुंडे आहेत. ती एरवी कोरडी असतात आणि काही काळाने एकाएकी पाण्याने भरतात. पूर्वी साधारण तीन वर्षांनी गंगा येते असे मानत. अलीकडे तिचे वेळापत्रक बिघडले आहे. जमिनीखालच्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत साठले की वक्रनलिकेच्या तत्त्वाने ते एकदम बाहेर ओढले जाते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. जवळच गरम पाण्याचा झरा आहे. भाविक दोन्हीकडे स्नान करतात आणि पुढे धूतपापेश्वराच्या दर्शनाला जातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण जमिनीखाली काय चालले आहे याकडे एवढ्या लोकांचे शतकानुशतके लक्ष राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आंबा. देवगडचा हापूस जगप्रसिद्ध आहे हे पुन्हा सांगायला नको, पण तो कुठे पिकतो ते सांगायला हवे. देवगड, जामसंडे, पडेल, गिर्ये या भागांतल्या कित्येक बागा कातळावर आहेत. सुरुंग लावून दगडात खड्डे पाडले, बाहेरून माती आणून ते भरले, कलमे लावली आणि पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी वाहून ती जगवली. एवढी यातायात करून मिळालेली ही जागा हापूसला मानवली. त्यामागे शास्त्र आहे. पावसाळा संपल्यावर आंब्याच्या झाडाला पाण्याचा थोडा ताण बसला आणि रात्री गार झाल्या की मोहोर येतो. खोल, ओल धरणाऱ्या मातीत झाड पालवीच फेकत राहते. कातळावरची ओल लवकर आटते, वारा खेळता राहतो, आणि झाड मोहोराकडे वळते. हापूसची कलमे बांधण्याची कला पोर्तुगीज काळात गोव्यातून वर आली. तिचा उत्तम उपयोग या उघड्या माळावर झाला.

1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा वेगाने पसरल्या. 1972 मध्ये दापोलीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे आंबा संशोधन उपकेंद्र देवगड तालुक्यात, गिर्ये-रामेश्वरला आहे. विद्यापीठाने रत्ना आणि सिंधू हे संकर दिले. ते चांगले आहेत, पण बाजारात हापूसची जागा कुणी घेऊ शकले नाही. हापूसचे दुखणेही जगजाहीर आहे. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापले की आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. हाच तो साका. तापलेल्या जमिनीची उष्णता फळाला बाधते, हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. ज्या कातळाने मोहोर दिला तोच इथे थोडी वसुलीही करतो.

बागायतदाराचा हिशेब बाहेरून दिसतो तितका गोड नाही. मोहोर आल्यापासून तुडतुडा, भुरी, फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या सुरू होतात. मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार हे वाढरोधक घालतात. राखणीला आणि बागेच्या कामाला आता बरेच मजूर नेपाळमधून येतात. पैसा मात्र हंगाम सुरू होण्याआधी लागतो. तो अनेकदा वाशीच्या दलालाकडून उचल म्हणून येतो, आणि मग पेटी त्याच्याकडेच पाठवावी लागते, भाव तो सांगेल तो. ज्यांच्याकडे माणसे नाहीत ते बाग करारावर देऊन मोकळे होतात. मार्चमधल्या पहिल्या पेट्यांचा भाव वर्तमानपत्रांत छापून येतो. मे अखेरीस किलोवर कॅनिंगला गेलेल्या मालाची बातमी होत नाही, आणि बऱ्याच घरांचे वर्षाचे गणित त्या दुसऱ्या भावावर ठरते. त्यात थंडी उशिरा पडणे, अवकाळी पाऊस आणि वादळे यांची भर पडली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. झाडावरचा माल जमिनीवर आला, वर्षानुवर्षांची झाडे मोडली, बंदरातल्या होड्यांचे नुकसान झाले. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जाणे त्याने थांबलेले नाही. गिऱ्हाइकाने विचारपूस करून, बागायतदारांच्या सहकारी संस्थेकडून किंवा थेट बागेतून आंबा घेतला तर फरक पडतो, एवढे मी खात्रीने सांगेन.

सडा हे या मुलुखाचे कोठार असेल, तर खाडी हा त्याचा रस्ता होता. हमरस्ता आणि रेल्वे येण्याआधी इथला सगळा व्यवहार भरती-सुकतीवर चाले. मोठी बंदरे समुद्राच्या काठावर नव्हती. भरतीबरोबर गलबते नदीत आत शिरत, आणि जिथवर पाणी पुरेल तिथे बाजारपेठ उभी राही. तिथून पुढे बैलांच्या तांड्यांची घाटवाट सुरू होई. वाघोटण खाडीच्या वरच्या टोकाचे खारेपाटण हे त्याचे नमुनेदार उदाहरण. शके 930, म्हणजे इसवी सन 1008, मध्ये दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने दिलेला ताम्रपट तिथे सापडला. राष्ट्रकूट आणि शिलाहार घराण्यांच्या वंशावळीसाठी इतिहासकार त्याला मान देतात. मला त्यातला जकातीचा मजकूर जास्त बोलका वाटतो. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने आणि कंदलमूलीय इथून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोने देवळाला द्यावे, चेमुल्य आणि चंद्रपूरची जहाजे वगळून, असे त्यात म्हटले आहे. चेमुल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर. हजार वर्षांपूर्वी खाडीच्या काठावरच्या या गावाला परदेशी जहाज आणि किनाऱ्यावरचे जहाज यांच्यासाठी वेगळे दर ठरवावे लागत होते, इतकी तिथे ये-जा होती.

राजापूरही असेच. अर्जुना नदीच्या काठी, समुद्रापासून बरेच आत. अणस्कुरा घाटाने ते कोल्हापूर आणि विजापूरच्या मुलुखाशी जोडलेले होते, म्हणून आदिलशाहीत त्याची भरभराट झाली. घाटावरची मिरी आणि कापड इथून जहाजात चढे. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी इथे वखार घातली, पुढे फ्रेंचही आले. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. त्याचा जाब शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरवर चालून येऊन विचारला. वखार ताब्यात घेतली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले.

मग खाडी गाळाने भरत गेली. जहाजे राजापूरपर्यंत पोहोचेनात, मुखाजवळच्या जैतापूरला थांबू लागली. डोंगरउतारावरचे जंगल तुटले की माती पावसाबरोबर खाली येते आणि खाडीच्या तळाशी बसते. सड्यापासून बंदरापर्यंतचा हा संबंध ज्याने नीट पाहिला, त्याला राजापूरच्या पुराचे आणि राजापूरच्या उतरणीचे एक कारण समान आहे हे कळेल.

वाघोटण खाडीच्या मुखावर विजयदुर्ग उभा आहे. बांधणीचे श्रेय शिलाहार भोज दुसरा याला दिले जाते. शिवाजी महाराजांनी तो घेऊन भक्कम केला, आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. किल्ल्यापासून थोडे आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, खाडीकाठी खडकात कोरलेली गोदी अजून आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, सुकतीला पाणी ओसरले की डागडुजी करायची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी संगनमत करून विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. मराठ्यांच्या सागरी सत्तेचा तो कणा होता, आणि तो आपल्याच मदतीने मोडला. हे शल्य आजही या किनाऱ्यावर बोलून दाखवले जाते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

किल्ल्यात गेलात की हेलियमचा शोध इथे लागला असे तुम्हाला सांगितले जाईल. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले हे खरे. पण ते पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमची वर्णरेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाला या उसन्या श्रेयाची गरज नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याची नोंद जागतिक वारसा यादीत झाली, ती त्याच्या स्वतःच्या इतिहासावर.

समुद्रावरच्या लोकांची गोष्ट स्वतंत्र प्रकरणाची आहे, इथे थोडक्यात. गाबीत, भंडारी, खारवी, दालदी या समाजांची मच्छीमार वस्ती देवगड, विजयदुर्ग, नाटे, मुसाकाजी या भागांत आहे. रापण हा इथला जुना सामुदायिक प्रकार. लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकायचे आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे, मिळेल त्या बांगड्या-तारलीचे वाटे करायचे. यांत्रिक पर्ससीन नौका आल्यावर मासळीचे थवेच्या थवे किनाऱ्याला पोहोचण्याआधीच उचलले जाऊ लागले. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यावर 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर बंधने घातली, आणि 2017 मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी पाळली जाते. बाकीच्या दहा महिन्यांतली बंधने कागदावरून समुद्रावर उतरायला अजून बराच वेळ आहे. या सगळ्यात ज्यांची नोंद कुठल्याही बंदराच्या आकड्यात होत नाही त्या खाडीतल्या बायका. सुकतीला चिखलात उतरून कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या आणि मुळे गोळा करणाऱ्या या बायकांवर कितीतरी घरांचे रोजचे जेवण आणि बाजारहाट चालतो.

आणि पुरुष? ते मुंबईला. गिरण्यांच्या काळापासून या मुलुखाची रोख रक्कम मुंबईहून मनिऑर्डरने आली. आजही शिमग्याला पालखी नाचवायला आणि गणपतीला चाकरमानी येतो तेव्हा गावाची लोकसंख्या दुप्पट वाटते. जनगणना हे स्पष्ट दाखवते. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1036. त्याच दशकात रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली आणि सिंधुदुर्गचीही घटली. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली; तिने जाणे सोपे केले तितके परत येणे केले नाही. बंद घरे, पडीक कुणगे, आणि एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सामायिक नावे ही आजची स्थिती आहे. अशा जमिनीवर कुणी काही ठरवू शकत नाही. ती विकायची मात्र सहज ठरते, आणि सर्वांत आधी विकला जातो तो सडा.

मोठ्या प्रकल्पांच्या नजरा सड्यावर पडल्या त्या यामुळेच. माडबनच्या सड्यावर 9,900 मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प ठरला आणि त्यासाठी 938 हेक्टर जमीन संपादित झाली. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना विरोधामुळे 2019 मध्ये रद्द झाली आणि मग बारसूच्या सड्याचे नाव पुढे आले. एप्रिल 2023 मध्ये तिथे माती परीक्षणाला आलेल्या यंत्रांसमोर गावकरी, विशेषतः बायका, उन्हात आडवे झाले. वीज आणि रोजगार नको असे कुणी म्हणणार नाही. माझा आक्षेप एका गृहीतकाला आहे. सडा रिकामा आहे असे धरून हिशेब सुरू होतो. त्यात पायथ्याचे झरे धरलेले नसतात, गुरांची चराई नसते, पावसाळ्यात कातळावर उमलणारी पाणगेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुले नसतात, कोकणच्या सड्यांबाहेर जवळजवळ न आढळणारी दीपकाडी नसते.

आणि कातळशिल्पे नसतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून, सड्यावर कोरलेली शेकडो चित्रे उजेडात आणली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या आहेत. बारसूला दोन्ही बाजूंना दोन पशू असलेला माणूस आहे. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. काही ठिकाणी गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी दिसतात. ही चित्रे मध्याश्मयुगातली असावीत असा अंदाज आहे. म्हणजे या मुलुखात माणसाने स्वतःची पहिली खूण ठेवली ती खाडीकाठी किंवा पुळणीवर नव्हे. ती सड्यावर ठेवली. 2022 मध्ये रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ अशा नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. विजयदुर्गाला जे संरक्षण आहे ते या शेकडो कातळशिल्पांतल्या बहुतेकांना नाही. बरीच शिल्पे खासगी, सामायिक मालकीच्या जमिनीत आहेत, आणि चिरेखाणीचे एक यंत्र ती एका दिवसात संपवू शकते.

तुम्ही या बाजूला जाल तेव्हा विजयदुर्ग पाहाच, कुणकेश्वरचे देऊळही पाहा, पण एक सकाळ सड्यासाठी राखून ठेवा, आणि जमल्यास श्रावणात या. गाडी रस्त्यावरच ठेवा. गवतात दडलेल्या शिल्पावरून चाक गेले तर ते परत येत नाही. फोटोसाठी रेघांमध्ये खडू किंवा रंग भरू नका. वाट दाखवायला वाडीतल्या कुणालातरी सोबत घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. आणि तुमचे मूळ गाव याच मुलुखात असेल, तर सामायिक सातबाऱ्यावर सही करण्याआधी वाडीचा झरा कुठल्या सड्याखालून येतो ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या.